तबकडीमागची नावे : लांब पेटीच्या इंग्रजी घड्याळाची घडण आणि कारागिरीचा इतिहास

कारागिरीचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे प्रथम उभा राहतो तो कर्त्याचा प्रश्न. देवालयावर शिलालेख असतो, पोथीच्या अखेरीस लेखकाचे नाव असते, नाण्यावर राजमुद्रा असते. परंतु नित्याच्या वापरातील वस्तू बहुधा मुक्याच असतात. क्वचित एखादी वस्तू आपल्या कर्त्याचे नाव सांगते, तेव्हा ते कितपत खरे मानावे हा दुसरा प्रश्न उपस्थित होतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत इंग्लंडात तयार होत असलेले लांब पेटीचे उभे घड्याळ ही अशीच नाव सांगणारी वस्तू होय. तिच्या तबकडीवर एका व्यक्तीचे आणि बहुधा एका गावाचेही नाव ठळकपणे लिहिलेले असते. त्या नावाचा माणूस हाच त्या घड्याळाचा कर्ता, असे सामान्यतः समजले जाते. प्रस्तुत लेखात त्या घड्याळाच्या घडणीचे परीक्षण करून असे दाखवावयाचे आहे की, तबकडीवरील नाव हे कर्तृत्वाचे अपुरे प्रमाण आहे. अधिक विश्वसनीय प्रमाणे तबकडीच्या मागे असतात. आणि आपल्याकडील कारागिरीच्या बाबतीत ही मागची बाजू पुष्कळदा केवळ भाषेतच शिल्लक राहिलेली असते.

हा विषय हुपरीच्या संदर्भात मांडण्यास कारण आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी, सर्वत्र प्रसिद्ध आहे. येथील काम घरोघर वाटले गेलेले असते. एका घरी एक क्रिया, दुसऱ्या घरी दुसरी, अशा अनेक हातांतून गेल्यानंतर पैंजणाची जोडी पुरी होते आणि दूरच्या शहरातील पेढीच्या नावाने विकली जाते. श्रमविभागाची ही पद्धती ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला इंग्रजी घड्याळाच्या तबकडीवरील एकट्या नावाविषयी शंका आल्यावाचून राहणार नाही.

१. पेटी लांब का झाली

प्रथम या घड्याळाच्या आकाराचा विचार करू. पुरुषभर उंचीची ही अरुंद पेटी केवळ शोभेसाठी जन्मास आली, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः तिचा आकार एका यांत्रिक गरजेतून निर्माण झाला. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६५६ मध्ये घड्याळास लंबक जोडला. १६५८ मध्ये अहासुएरस फ्रोमांटील या कारागिराने लंडनमध्ये अशा घड्याळांची जाहिरात दिली. परंतु त्या काळच्या यंत्रणेत लंबकाला फार मोठा झोका घ्यावा लागे, त्यामुळे तो आखूडच ठेवावा लागे. १६७० च्या सुमारास नांगराच्या आकाराची अडक प्रचारात आली. इंग्रजीत तिला ‘अँकर’ असेच म्हणतात. दातेरी चाकाचा एकेक दाता आळीपाळीने धरणे आणि सोडणे हे तिचे काम. तिच्यामुळे लंबकाचा झोका अगदी लहान झाला, आणि म्हणून तो लांब करता आला.

जो लंबक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस बरोबर एका सेकंदात जातो, त्याची लांबी इंग्लंडात सुमारे ९९.४ सेंटिमीटर म्हणजे ३९ इंचांहून किंचित अधिक भरते. झोका लहान असल्याने पेटी अरुंद चालली, लंबक लांब असल्याने ती उंच झाली, आणि आठ दिवसांत हळूहळू खाली उतरणाऱ्या वजनांनाही त्याच उंचीत जागा मिळाली. अडकीच्या चाकाला तीस दाते असतात. एकेका दात्याला दोन झोके लागत असल्यामुळे ते चाक साठ सेकंदांत एक फेरा पुरा करते, आणि त्याच्याच आसावर बसविलेला काटा सेकंद दाखवितो. यंत्राच्या अंतर्भागातील गणित आणि बाहेरील लाकडी पेटीचे प्रमाण यांचा इतका निकटचा संबंध फार थोड्या गृहोपयोगी वस्तूंत आढळतो.

२. एक नाव, अनेक हात

आता कर्त्याचा प्रश्न. लाकडी पेटी सुतार किंवा पेटीकार करी. घड्याळजी ती क्वचितच करी. घंटा ओतणारा वेगळा, काटे कापणारा वेगळा, तबकडीच्या कोपऱ्यांतील पितळी नक्षी ओतणारा आणि अंक कोरणारा हेही वेगळे. लँकाशायरमधील प्रेस्कॉटच्या परिसरात घड्याळांचे सुटे भाग आणि कानशींसारखी हत्यारे करणारी कुटुंबेच्या कुटुंबे होती. अठराव्या शतकात गावोगावचे घड्याळजी चाके आणि अन्य भाग अशा ठिकाणांहून विकत घेऊन त्यांची जुळणी करू लागले.

जुन्या घड्याळांच्या पितळी तबकडीवर अंकांचे जे चंदेरी वलय दिसते, तेही स्वतंत्र कौशल्याचे काम होते. ते वलय चांदीचे नसते. पितळेवर अंक कोरून त्या खाचांत काळे मेण भरीत, पृष्ठभाग घासून सपाट करीत, आणि मग चांदीचा क्षार, मीठ व टार्टारचा क्षार यांचा ओलसर लेप त्यावर चोळीत. या क्रियेने चांदीचा अतिशय पातळ थर पितळेवर बसतो. काळ्या अंकांना उठाव देणारी पांढुरकी पार्श्वभूमी एवढाच तिचा हेतू होता. परंतु मूठभर चांदीत शेकडो तबकड्या उजळण्याची ही युक्ती कोणत्याही चांदीकारागिराला कौतुकास्पद वाटेल.

इ. स. १७७२ मध्ये बर्मिंगहॅम येथील ऑस्बोर्न आणि विल्सन यांनी लोखंडी पत्र्यावर रंगविलेल्या पांढऱ्या तबकड्या विक्रीस आणल्याचे जाहीर केले, आणि हा श्रमविभाग अधिकच स्पष्ट झाला. अशी तबकडी कोऱ्या नावाने येई. ज्या गावचा घड्याळजी ती घेई, त्याचे नाव मागाहून रंगवून घातले जाई. मात्र तबकडी आणि यंत्र यांची भोके एकमेकांशी जुळत नसल्यामुळे दोहोंच्यामध्ये एक ओतीव लोखंडी पट्टी बसविण्याची पद्धत पडली, आणि तिच्यावर तबकडी करणाऱ्याचे नाव ओतलेले असे. म्हणजे एकाच घड्याळात दोन नावे आली : पुढे विक्रेत्याचे, मागे एका कारागिराचे. पुढचे नाव घरधनी रोज वाचतो. मागचे नाव तबकडी उतरविणाऱ्यालाच दिसते. याखेरीज यंत्राच्या पितळी पत्र्यांवर दुरुस्ती करणाऱ्यांनी टोकदार हत्याराने ओरखडलेली आद्याक्षरे व तारखाही पुष्कळदा आढळतात. या नोंदी ग्राहकासाठी नसून पुढे कधी तरी ते यंत्र उघडणाऱ्या समव्यावसायिकासाठी असतात, आणि म्हणूनच इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे आहे. त्यांत नाव मिरविण्याचा हेतू नसल्यामुळे अतिशयोक्तीस कारण उरत नाही.

३. लाकडी चाकांचा अपवाद

यावर असा आक्षेप घेता येईल की, थोर कारागिरांच्या बाबतीत तरी वस्तू आणि नाव यांची सांगड पक्की असते. हा आक्षेप विचारार्ह आहे. टॉमस टॉम्पियन (१६३९–१७१३) याची घड्याळे क्रमांकांकित असत आणि ती त्याच्या देखरेखीखाली होत. परंतु त्याच्याही कार्यशाळेत अनेक माणसे राबत होती. याहून अधिक उद्बोधक उदाहरण जॉन हॅरिसन याचे होय. १६९३ मध्ये जन्मलेला हा सुताराचा मुलगा. त्याचे शिक्षण लंडनच्या कोणत्याही घड्याळजीकडे झाले नव्हते. वयाच्या विसाव्या वर्षी, १७१३ मध्ये, त्याने लांब पेटीचे एक घड्याळ तयार केले, आणि त्याची चाके प्रामुख्याने लाकडाची होती. १७१५ आणि १७१७ या सालांची त्याची अशीच आणखी दोन घड्याळे प्रसिद्ध आहेत.

लाकडाची चाके ही गरिबीची तडजोड होती, असे म्हणून हा विषय संपत नाही. लाकूड शिरांच्या दिशेने बळकट आणि आडव्या दिशेने कमजोर असते, हे सुतार जाणतो. एका फळीतून चाक कापले, तर काही दात्यांत शिरा उभ्या येतात आणि काहींत आडव्या. आडव्या शिरांचे दाते लवकर तुटतात. हॅरिसनने ओक लाकडाच्या निरनिराळ्या तुकड्यांत दाते असे बसविले की, प्रत्येक दात्यातील शिरा केंद्राकडून परिघाकडे जातील. पुढे १७२५ ते १७२८ च्या सुमारास, भाऊ जेम्स याच्या साह्याने, त्याने अधिक सूक्ष्म घड्याळे केली. त्यांत लिग्नम व्हिटी नावाचे, स्वतःच्या अंगच्या तेलकटपणामुळे वंगणावाचून फिरणारे लाकूड वापरले. त्या काळची तेले थोड्याच दिवसांत घट्ट होऊन घड्याळाची गती बिघडवीत. तेलच नको, असा त्याचा उपाय होता. घड्याळजींच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला हा उपाय सुचणे कठीण होते.

अर्थात येथेही एकट्याचे कर्तृत्व शोधू गेल्यास निराशा होईल. हॅरिसनच्या प्रतिभेविषयी दुमत नाही. परंतु तिचे भांडवल सुतारकामाच्या परंपरेतून आले होते, आणि त्या परंपरेतील माणसांची नावे कोणत्याही तबकडीवर नाहीत. असामान्य कारागिरी म्हणून आपण जिचा गौरव करतो, ती पुष्कळदा एका धंद्यातील सामान्य ज्ञान दुसऱ्या धंद्यात नेल्याने निर्माण झालेली असते.

४. घड्याळ आणि स्थळ

घड्याळ इंग्लंडबाहेर पडले की या हातांच्या मालिकेत आणखी एक हात येऊन मिळतो. लंबकाची गती त्याच्या लांबीप्रमाणेच त्या स्थळाच्या गुरुत्वाकर्षणावरही अवलंबून असते. ज्याँ रिशे या फ्रेंच ज्योतिर्विदाला १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे असा अनुभव आला की, पॅरिसमध्ये बरोबर चालणारे घड्याळ विषुववृत्ताजवळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडते. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर आहे, या सिद्धान्ताच्या पुष्ट्यर्थ न्यूटनने या अनुभवाचा उपयोग केला. कोल्हापूर सुमारे १६.७ उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. हिशेब केला असता, लंडनमध्ये अचूक लावलेले सेकंद-लंबकाचे घड्याळ येथे दिवसाकाठी दोन मिनिटांहून थोडे अधिक मागे पडेल, असे निघते. लंबक सुमारे तीन मिलिमीटरांनी आखूड केला, म्हणजेच गोळ्याखालचा नट फिरवून गोळा तेवढा वर घेतला, की ही चूक दूर होते.

यात उष्णतेची भर पडते. पोलादी दांडीचा लंबक उन्हाळ्यात लांबतो, आणि तपमानातील प्रत्येक अंशामागे घड्याळ दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे पडते. थंड प्रहरी लावलेले घड्याळ दहा अंशांनी अधिक तापलेल्या दिवसांत रोज पाच सेकंद गमावणार. म्हणून मराठी मुलखातील वाड्यात किंवा कचेरीत येऊन उभे राहिलेले इंग्रजी घड्याळ येथील वेळ दाखवू लागले, ते येथील कोणी तरी तो नट जोखून फिरविल्यानंतरच. त्या हाताचे नाव तबकडीवर असण्याचा प्रश्नच नव्हता.

सार्वजनिक घड्याळांच्या बाबतीतही हेच दिसते. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा घड्याळाचा अष्टकोनी मनोरा मेजर चार्ल्स मँट याच्या नावाशी जोडलेला आहे; परंतु मँट १८८१ मध्येच निवर्तला, आणि १८७७ ते १८८४ या काळात चाललेले हे काम त्याच्या पश्चात इतरांनी पुरे केले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८६९ ते १८७८ या काळात उभा राहिला. त्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याचा; पण तो हिंदुस्थानात कधी आलाच नाही. घड्याळ लंडनच्या लंड आणि ब्लॉकली यांचे. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकसमूहांच्या ज्या मूर्ती आहेत, त्यांचे नमुने मात्र मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्याने घडविले. स्कॉटचे नाव सर्वांस ठाऊक आहे. मुकुंद रामचंद्रांचे नाव मुद्दाम शोधावे लागते.

५. शब्दांची तबकडी

आतापर्यंत वस्तूची मागची बाजू पाहिली. आता ज्या भाषेत ही वस्तू आपल्याकडे नांदली तिच्याकडे वळू. कारण तेथेही अनेक हातांच्या खुणा आढळतात.

‘घड्याळ’ हा शब्द ‘घटिका’, ‘घडी’ या शब्दकुलातील आहे. घटिका म्हणजे मूळचे लहान पात्र. बुडाशी बारीक छिद्र असलेले हे पात्र पाण्यात सोडले असता चोवीस मिनिटांत भरून बुडते, आणि अशा साठ घटिकांचे एक अहोरात्र होते. हिंदीत ‘घडियाल’ म्हणजे वेळ सांगण्यासाठी वाजवावयाची धातूची थाळी. ‘तास’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ धातूचे पात्र. मराठीत तो ठोके देण्याच्या थाळीला आणि पुढे त्या ठोक्यांनी मोजलेल्या कालावधीला लागला. ‘प्रहर’ या शब्दातही आघाताचाच अर्थ आहे, आणि ‘पहारा’ हा त्याचाच वंशज. लंबकाचे घड्याळ येण्यापूर्वीच आपल्याकडे काळ ऐकण्याची रीत रूढ होती, हे यावरून सिद्ध होते. म्हणूनच तबकडी पाहून वेळ सांगणारा मराठी माणूस आजही ‘किती वाजले?’ असेच विचारतो.

हे केवळ आपलेच वैशिष्ट्य नव्हे. इंग्रजी ‘क्लॉक’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधील घंटावाचक शब्दापासून आला आहे, आणि ‘वॉच’ या शब्दात घड्याळ व पहारा हे दोन्ही अर्थ आजही नांदतात. लांब पेटीच्या घड्याळातील ठोक्यांची यंत्रणा प्रारंभी काट्यांपासून स्वतंत्र चाले, आणि काटे चार वाजले असे दाखवीत असता घंटा पाच ठोके देई, असे होऊ शके. १६७६ च्या सुमारास एडवर्ड बार्लो याने काढलेल्या युक्तीने दिसणारा काळ आणि ऐकू येणारा काळ एकत्र बांधले गेले. भाषेने मात्र ऐकण्याचाच पक्ष धरून ठेवला.

घड्याळाच्या अंगोपांगांची नावे पाहावीत. ‘तबकडी’ हे अरबी-फारसी ‘तबक’ या शब्दाचे मराठी प्रत्यय लागलेले लघुरूप. ‘चावी’ पोर्तुगीज. ‘मिनिट’ आणि ‘सेकंद’ इंग्रजी. ‘लंबक’ संस्कृतोद्भव आणि पंडिती वळणाचा. ‘काटा’ हा शब्द तर तराजूचाही आहे. चांदी जोखणाऱ्याच्या हातातील काटा आणि तबकडीवरील काटा यांना मराठीने एकच नाव दिले. या शब्दांपैकी एकही शब्द घड्याळाच्या कर्त्याने दिलेला नाही. पाणके, पहारेकरी, व्यापारी, दर्यावर्दी आणि शास्त्री अशा भिन्न लोकांनी हा संच जमविला. भाषेतील घड्याळही प्रेस्कॉट आणि बर्मिंगहॅमच्या घड्याळाप्रमाणे सुट्या भागांची जुळणी आहे. भेद एवढाच की, तिच्या तबकडीवर कोणाचेही नाव नाही.

६. हुपरीकडे

या विवेचनातून हुपरीसारख्या गावाच्या इतिहासलेखनासाठी काय निष्पन्न होते? पैंजणाच्या आतील बाजूस नाव ओतलेली लोखंडी पट्टी नसते, आणि यंत्राच्या पत्र्यासारखी आद्याक्षरे ओरखडण्यास जागाही नसते. शुद्धतेची अधिकृत खूण असली, तरी ती धातूविषयी साक्ष देते. चांदी कोणी आटविली, तार कोणी ओढली, कड्या कोणी जोडल्या, घुंगरू कोणी बसविले, हे तिच्यावरून कळत नाही. पेढीचे नाव डबीवर राहते. म्हणजे आपल्याकडे पुढचे नाव शिल्लक आहे आणि मागचे पुसलेले आहे.

ही उणीव भरून काढण्यास एकच विस्तृत साधन उपलब्ध आहे, आणि ते म्हणजे कारागिरांची परिभाषा. मूस, बागेसरी, फुंकणी, सवागी, डाख, जिल्हई या शब्दांतील प्रत्येक शब्द एकेका क्रियेचा व एकेका हाताचा दाखला आहे. या शब्दांचे सामर्थ्य किती आहे, हे आपल्या विद्वत्तेच्या भाषेवरूनही दिसते. संशोधनात आपण ज्याला ‘निकष’ म्हणतो, तो मूळचा सोने घासून पाहण्याचा दगड. ‘कसोटी’ त्याच घराण्यातील. आठवणींना ‘उजाळा’ देतो, तेव्हा आपण धातू उजळणाऱ्याची क्रिया उसनी घेतो. अभ्यासकाने सोनाराच्या दुकानातून शब्द नेले. त्या दुकानातील माणसांची नोंद मात्र त्याने अभावानेच ठेवली.

ही परिभाषा अक्षय नाही. एखादी क्रिया यंत्राकडे गेली, की तिच्या पायऱ्यांचे शब्द प्रथम जातात. यंत्राला त्यांची गरज नसते. लंबकाच्या घड्याळांची जागा स्फटिकाच्या घड्याळांनी घेतली तेव्हा, घड्याळ लावणे, गोळा वर घेणे, ठोका चुकणे यांपैकी पहिले दोन शब्दप्रयोग विरळ झाले. तिसरा काळजापुरता उरला. चांदीकामातही हे घडणे अपरिहार्य आहे, आणि त्याविरुद्ध तक्रार करण्यात अर्थ नाही. नोंद मात्र वेळेवर झाली पाहिजे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या कामी लक्ष घालावे, अशी सूचना करावीशी वाटते. नुसती शब्दसूची पुरेशी होणार नाही. प्रत्येक शब्दाबरोबर क्रिया, हत्यार आणि ती क्रिया कोणत्या क्रमाने येते हे लिहावे. तो शब्द पुरुषांच्या तोंडी आहे की घुंगरू ओवणाऱ्या स्त्रियांच्या, हे टिपावे. आणि ज्याने अथवा जिने तो सांगितला, त्या व्यक्तीची अनुमती घेऊन तिचे नाव नोंदीत घालावे. बर्मिंगहॅमच्या तबकडीकारांचे कर्तृत्व आज सांगता येते, ते त्यांनी स्वतःच आपली नावे लोखंडात ओतून ठेवली म्हणून. हुपरीच्या कारागिरांना तशी सोय कधी लाभली नाही. त्यांची नावे लिहून ठेवण्याचे काम अभ्यासकाचे आहे, आणि त्यासाठी लागणारी माणसे अद्याप आपल्या कामावर बसलेली आहेत.